खालून पाहिलं म्हणजे माणूस मोठा होतो का?

या वादातले दोघेही सिनेमातले. मामा कोल्हापूरचे. कॅमेरा अटेंडंट म्हणून लागले, ऑपरेटिव्ह कॅमेरामन झाले आणि स्वतंत्र छायालेखक म्हणून निवृत्त झाले. भाची पुण्यात एका कॉलेजात चित्रपट-आस्वाद शिकवते. तिने मुलांसाठी एक तक्ता तयार केला होता. डावीकडे शॉटचं नाव, उजवीकडे त्याचा अर्थ. लो अँगल : सत्ता. हाय अँगल : असहायता. तिरकी चौकट : अस्वस्थता. क्लोजअप : भावना. आय लेव्हल : तटस्थता. मामांनी तो वाचला आणि पुढचं सगळं त्यातून निघालं. मी ऐकणारा. अगदीच राहवलं नाही तिथे कंसात बोललो आहे.

मामा : हा उजवीकडचा रकाना कुठनं आणलास?

भाची : आणला कुठून नाही, मामा. सगळीकडे हेच शिकवतात. मुलं पहिल्यांदाच सिनेमाकडे या नजरेनं बघणार. त्यांच्या हाताशी काहीतरी द्यायला नको?

मामा : डावीकडचा रकाना दे की. तो कामाचा आहे. सेटवर साठ-सत्तर माणसं, डोक्यावर ऊन, निर्माता घड्याळ बघतोय. दिग्दर्शक म्हणाला, ‘हिरोवर सजेशन,’ की कुणाला काही विचारावं लागत नाही. कॅमेरा हिरॉइनच्या खांद्यामागं जातो. तिचा खांदा आणि कानाची पाळी कडेला अंधूक राहते, पलीकडं हिरोचा चेहरा. तोवर अटेंडंट पेटीतनं पंचाहत्तरची लेन्स काढतोय. लाइटवाल्याला कळतं, मागची भिंत आता अर्धीच दिसणार, तिथले दिवे काढून पुढं घ्यायचे. एका शब्दात एवढी कामं होतात. शॉटला नावं पडली ती याच्यासाठी. गवंडी ‘थापी दे’ म्हणतो, त्यात कुणी अर्थ शोधत नाही.

भाची : गवंड्याची थापी भिंत झाल्यावर दिसत नाही. शॉट दिसतो. प्रेक्षक अडीच तास तेवढंच बघत असतो. ‘शोले’त गब्बर पहिल्यांदा येतो तेव्हा काय दिसतं? बूट. खडकावर येरझाऱ्या घालणारे बूट आणि बाजूनं फरफटणारा पट्टा. कॅमेरा जमिनीलगत. तोच प्रसंग उभ्या माणसाच्या उंचीवरून घेतला असता तर?

मामा : तरी भ्याले असते लोक. भीती बुटांमुळं नाही आली. चेहरा दाखवायला उशीर केला म्हणून आली. पट्टा दगडावर घासतोय त्या आवाजानं आली. आणि समोर माना खाली घालून उभ्या असलेल्या तिघांच्या तोंडावरनं आली. हे तिन्ही काढून टाक आणि नुसता लो अँगल ठेव. बुटांच्या दुकानाची जाहिरात होईल.

भाची : तुम्ही नेहमी टोकाला जाता.

मामा : मग ‘सिटिझन केन’वर ये. १९४१ चा. तुझ्या तक्त्यात तो कुठं बसतो सांग. केन गव्हर्नरपदाची निवडणूक हरलाय. लफडं छापून आलंय, बायको गेलीय. रात्री कचेरीत एकटा आहे आणि दारू पिऊन आलेला जुना मित्र लेलँड त्याला तोंडावर सुनावतोय. आता इथं ऑर्सन वेल्स आणि त्याचा कॅमेरामन ग्रेग टोलंड काय करतात? कॅमेरा एवढा खाली नेतात की स्टुडिओची जमीन फोडून खड्डा करावा लागला. खालनं बघितल्यावर वरचं दिसणार, म्हणून त्या सिनेमात सेटवर कापडाची छतं ताणली होती. पडद्यावर केनचे पाय देवळाच्या खांबाएवढे. आणि माणूस? धुळीला मिळालेला. लो अँगल म्हणजे सत्ता हे पाठ केलेल्या पोरानं पेपरात काय लिहायचं?

भाची : हेच लिहायचं, की वेल्सनं नियम उलटा वापरला. उलटा वापरायला आधी तो सुलटा असावा लागतो. याच सिनेमात प्रचारसभेत केन भाषण करतो, पाठीमागे त्याचंच भिंतीएवढं चित्र. त्या थाटाची सवय डोळ्यांना झालेली असते म्हणून हरलेला केन खालून बघताना चमत्कारिक वाटतो. तो अजूनही स्वतःला तेवढाच मोठा समजतोय आणि आपल्याला मात्र दिसतंय की छत त्याच्या डोक्यावर येऊन बसलंय.

मामा : मग अर्थ छताचा झाला.

भाची : छत दिसलं कशामुळे? अँगलमुळेच ना?

(इथे एक गुण भाचीला. मामांनी तो दिला नाही, त्यांनी सिनेमा बदलला.)

मामा : बरं, हाय अँगल घे. हिचकॉकचा ‘सायको’, १९६०. गुप्तहेर जिना चढून वर येतो. दार किलकिलं होतं आणि कॅमेरा एकदम छताला. सरळ वरनं खाली बघतो. म्हातारी बाहेर येते, हातात सुरा. तुझा तक्ता म्हणणार, गुप्तहेर असहाय दाखवलाय. हिचकॉकनं फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत कारण सांगितलंय. त्याला म्हातारीचा चेहरा लपवायचा होता. पाठमोरी दाखवली असती तर मुद्दाम लपवतायत हे पब्लिकला लगेच कळलं असतं. छतावरनं नुसते केस दिसतात आणि कुणाला शंका येत नाही. एवढंच. लपवालपवी.

भाची : त्यानं दुसरंही कारण सांगितलं होतं, ते तुम्ही गाळलंत. वरून माणसं बारकी दिसतात आणि पुढच्याच कटला गुप्तहेराचं डोकं पडदाभर येतं. त्या लहान-मोठ्याचा धक्का त्याला हवा होता.

मामा : गाळलं नव्हतं, राखून ठेवलं होतं. कारण ते माझ्याच बाजूचं आहे. धक्का कुठं बसला? वरच्या शॉटमध्ये नाही, डोक्याच्या शॉटमध्येही नाही. दोन्हींच्या सांध्यात. एकट्या शॉटला अर्थ नसतो, पोरी. त्याच्या आधी काय होतं आणि नंतर काय येतं, त्यावर सगळं.

भाची : हे कुलेशॉवचं झालं. रशियातला प्रयोग. मोझुखिन नावाच्या नटाचा एकच कोरा चेहरा, आधी सुपाची ताटली, मग शवपेटी, मग खेळणारी लहान मुलगी यांना जोडला. लोक म्हणाले, काय अभिनय करतो हा माणूस! पुदोव्किननं ते लिहून ठेवलं. मी शिकवते हे.

मामा : मी शिकवत नाही, मी बघितलंय. हिरो आपलं काम उरकून पॅकअप करून गेलेला. हिरॉइनचा रडण्याचा क्लोज राहिलाय. मग कटर स्टँडवर टेपची फुली चिकटवायची आणि तिला सांगायचं, हा तुझा नवरा, याच्याकडं बघून रड. फुली लेन्सच्या डाव्या बाजूला हवी की उजव्या, यावर आम्ही वाद घालायचो, कारण लुक चुकला तर पडद्यावर ती नवऱ्याकडं बघत नाही, खिडकीकडं बघते. ती बिचारी टेपकडं बघून रडायची. थिएटरात बायका डोळे पुसायच्या.

भाची : म्हणजे अँगल काही नाही, अभिनय काही नाही, संकलकाची कात्री तेवढी खरी. मग तुम्ही उभं आयुष्य केलंत काय?

(प्रश्न जरा झोंबणारा होता. पण मामांना उत्तर शोधावं लागलं नाही, आणि मला वाटतं सगळ्या संवादातला कामाचा भाग इथून पुढे आहे.)

मामा : अंतर ठरवलं. कॅमेरा माणसापासनं किती लांब उभा करायचा, हे ठरवणं हा आमचा धंदा. वरनं की खालनं, ते त्याच्या नंतर. तुझ्या तक्त्यात लिहिलंय, क्लोजअप : भावना. पण क्लोजअप म्हणजे कॅमेरा जवळ गेला असं नसतंय. चेहरा चौकटभर हवा असेल तर दोन वाटा. चोवीसची लेन्स लावायची आणि नटाच्या तोंडापाशी हातभर अंतरावर जायचं. नाहीतर शंभरची लावायची आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभं राहायचं. चेहरा दोन्हीकडं सारख्याच मापाचा. पण पहिल्यात नाक पुढं येतं, कान मागं पळतात आणि पाठीमागं अख्खी खोली दिसते. दुसऱ्यात चेहरा शांत, जरा चपटा, मागचं सगळं विरघळलेलं. लोक म्हणतात, लेन्सनं चेहरा बदलला. लेन्सनं नाही, अंतरानं. एकाच जागेवर उभं राहून दोन्ही लेन्सनी घे आणि पहिल्यातला चेहरा मोठा करून बघ. ठेवण तीच येते. पहिल्या क्लोजमध्ये तू माणसाच्या अंगावर गेलीस, दुसऱ्यात त्याला लांबनं न्याहाळलंस. दोन्हींना नाव एकच, आणि तुझ्या तक्त्यात अर्थही एकच.

भाची : हे मला मान्य आहे. ‘अमृतमंथन’मध्ये शांतारामबापूंनी नेमकं हेच केलं. १९३४ साली. हिंदी आवृत्तीत राजगुरू झालेल्या चंद्रमोहनचा डोळा टेलिफोटो लेन्सनं पडदाभर घेतला.

मामा : त्यांची प्रभात कंपनी कोल्हापुरातनं पुण्याला गेली, त्यानंतरचा पहिला सिनेमा. जाताना डोळा आमचाच घेऊन गेले.

भाची : असो. पण तो डोळा बघताना आपण न्याहाळत नाही, दचकतो. तुमच्या हिशेबानं लांबची लेन्स म्हणजे न्याहाळणं. इथे ती अंगावर येते. मग तुम्हीही एक तक्ताच तयार केलात की! लांबची लेन्स : न्याहाळणे. जवळची लेन्स : अंगावर येणे.

(दुसरा गुण भाचीला. धंद्यातली माणसं पुस्तकातले नियम मोडीत काढतात आणि त्याच दमात आपले सांगतात.)

मामा : बोल, बोल. मास्तरीण झालीस.

भाची : माझा मुद्दा साधा आहे. सवयीनंसुद्धा अर्थ तयार होतो. हजार सिनेमांत इन्स्पेक्टर जीपमधून उतरताना आधी बूट दाखवले, तर हजार एकाव्या सिनेमात बूट दिसले की इन्स्पेक्टर आला हे मुलाला कळतं. याला भाषा नाही तर काय म्हणायचं? शिवाय उंचीच्या बाबतीत सवयीच्याही आधी शरीर येतं. आपण सगळे कधीतरी तीन फुटांचे होतो. मोठ्यांकडे मान वर करून बघितलंय. ते अंगात राहतं.

मामा : उंची म्हण, अँगल म्हणू नकोस. त्या दोन वेगळ्या गोष्टी. कॅमेरा जमिनीवर ठेवूनही समोर सरळ बघता येतं.

भाची : ओझू. ‘टोकियो स्टोरी’, १९५३. जपानी घरात माणसं चटईवर बसतात, आणि ओझूचा कॅमेरा त्या बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपेक्षाही थोडा खाली. जवळजवळ सगळा सिनेमा पन्नासच्या एकाच लेन्सनं, आणि कॅमेरा हलत नाही म्हटलं तरी चालेल. त्यात कोणी बलाढ्य वाटत नाही. म्हातारे आईबाप मुलांकडे राहायला आलेत, कुणाला वेळ नाही. आपण त्यांच्या शेजारी बसलो आहोत असं वाटतं.

मामा : हे एक बरोबर बोललीस. आपल्याकडं पंगतीचा सीन असला तर कॅमेरा उभ्या माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर. पानात काय वाढलंय ते दिसतं आणि जेवणाऱ्यांची टकली दिसतात. वाढप्याच्या नजरेनं सगळी पंगत. मी एकदा म्हटलं, कॅमेरा पाटाच्या उंचीला घेऊया, तर दिग्दर्शक म्हणाला, लो अँगल कशाला, इथं कोण व्हिलन आहे? तुझ्यासारखाच तक्ता वाचून आलेला.

भाची : टोमणा पोचला. पण मुलांना उंची आणि अँगल यांतला फरक सांगायला तरी आधी दोन्ही शब्द शिकवावेच लागतील ना? काल्पनिक रेषेचं तसंच. दोन माणसं बोलतायत, त्यांच्यामध्ये एक रेषा धरायची आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवायचा, नाहीतर डावीकडचा उजवीकडे जातो. हा नियम तर मानता?

मामा : बोलणाऱ्या माणसांपुरता मानतो. कुस्ती शूट करून बघ. दोघे एकमेकांभोवती फिरतायत. रेषा दर सेकंदाला फिरते. तू कुठल्या बाजूला थांबणार? कुस्तीला कॅमेरा मागं घ्यावा लागतो, दोन्ही पैलवान डोक्यापासनं पायापर्यंत दिसायला हवेत, नाहीतर पट कुणी काढला हेच कळत नाही. सावेदादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, १८९९ साली मुंबईत हँगिंग गार्डनला कुस्ती चित्रित केली. भारतीय माणसानं केलेलं ते अगदी सुरुवातीचं चित्रण. आजचे लोक आमच्या कोल्हापूरच्या खासबागेतली कुस्ती घेतात आणि मधेच मांडीचा क्लोज, मग दंडाचा क्लोज. कुस्ती कुठाय?

भाची : ओझूही ती रेषा बेधडक ओलांडतो, आणि कुणाचं काही अडत नाही.

मामा : झालं तर मग. तूच माझं काम करतेयस.

(तिरक्या चौकटीवर दोघं फार वेळ थांबले नाहीत, तेही बरंच. ‘द थर्ड मॅन’मध्ये, १९४९ साली, कॅरोल रीडनं युद्धानं मोडकळीला आलेलं व्हिएन्ना वाकड्या चौकटींतून दाखवलं. विल्यम वायलर या दिग्दर्शकानं त्याला म्हणे पाणसळ भेट पाठवली, पुढच्या वेळी कॅमेऱ्यावर ठेव म्हणून. आता मालिकेत सासूच्या हातून कप पडला तरी चौकट वाकडी होते.)

भाची : बरं, प्रेक्षकाला पात्राच्या जागी बसवणारा शॉट घ्या. पॉइंट ऑफ व्ह्यू. त्याचा अर्थ तरी पक्का आहे. जे पात्राला दिसतं ते मला दिसतं, मी तो होते.

मामा : होतेस? रॉबर्ट माँटगोमेरीचा ‘लेडी इन द लेक’ आहे, १९४७ चा. जवळजवळ सगळा सिनेमा हिरोच्या डोळ्यांतनं. सगळे लेन्सकडं बघून बोलतात, हिरो दिसतो तो मुख्यतः आरशात. तुझ्या हिशेबानं लोक त्या हिरोशी एकजीव व्हायला हवे होते. होत नाहीत. कंटाळतात. माणसाला दुसऱ्याचा चेहरा दिसल्याशिवाय त्याचं दुखणं कळत नाही. म्हणून आधी चेहरा, मग त्याला काय दिसतंय ते, मग पुन्हा चेहरा. मधल्या शॉटला किंमत आहे ती आजूबाजूच्या दोघांमुळं.

भाची : आणि ‘व्हर्टिगो’? १९५८. जिन्यावरून खाली बघताना जमीन एकाच वेळी दूर पळते आणि जवळ येते. कॅमेरा एका दिशेला, झूम उलट दिशेला. उंचीची भीती असलेल्या माणसाचं डोकं गरगरणं. याहून नेमका अर्थ दुसऱ्या कुठल्या शॉटला आहे?

मामा : जिन्याचं छोटं मॉडेल करून आडवं झोपवलं होतं आणि त्याच्यावर तो शॉट घेतला, माहीत आहे ना? ट्रॉली आडवी पळवायची, उंचीचा संबंधच नाही. आणि सतरा वर्षांनी स्पिलबर्गनं तेच ‘जॉज’मध्ये वापरलं. पोलीसप्रमुख समुद्रकाठी खुर्चीत बसलाय, डोळ्यांसमोर शार्कनं मुलाला ओढलं. तिथं कसली उंची? तिथं ती स्वतःची जबाबदारी अंगावर कोसळण्याची घटका आहे. क्लृप्ती तीच, अर्थ दुसरा.

भाची : दोन्हीकडे पायाखालची जमीन सरकते. इतका तर समान भाग आहे. मला एवढंच हवंय, मामा. शॉटला शब्दकोशासारखा एकच अर्थ नसेल, पण त्याला झुकाव असतो. कललेल्या जमिनीवर पाणी कुठेही जात नाही.

मामा : झुकाव म्हणतेस तर भांडण निम्मं मिटलं. पण तक्त्यात झुकाव लिहिलेला नाही, निकाल लिहिलाय. आणि पोरं निकाल पाठ करतात. मग शूटिंगला आल्यावर म्हणतात, सर, इथे ती दुःखी आहे, टॉप शॉट लावू. अरे, ती स्वयंपाकघरात उभी आहे, वर माळा आहे, कॅमेरा कुठं टांगू?

भाची : आणि हल्ली टांगायची गरजही नाही. ड्रोन आहे.

मामा : त्याचं नाव काढू नकोस. गावाची गोष्ट म्हटली की पहिला शॉट आकाशातनं. शेतं, नदी, देऊळ. कोण बघतंय ते? गरुड? गावातल्या एकाही माणसानं गाव कधी तसं बघितलेलं नसतं.

भाची : मालिकांमध्ये तर उलटं. तिथे सगळं क्लोज. एक वाक्य झालं की घरातल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर कॅमेरा तीन वेळा धावतो.

मामा : त्याला भावना म्हणू नकोस हां. पडदा लहान, दिवसात ढीगभर सीन उरकायचे, आणि पूर्ण खोली दाखवायची तर पूर्ण खोलीला लाइट करावा लागतो. चेहरा घेतला की दोन दिव्यांत काम भागतं, मागं दिवाणखाना असो की गोडाऊन. क्लोजअप तिथं हिशेबाच्या वहीतनं येतो.

भाची : माझी मुलं तर मोबाइल उभा धरतात. त्या चौकटीत एक माणूस उत्तम बसतो, शेजारी दुसरा बसवायचा म्हटलं की दोघांचेही खांदे कापले जातात. तुमचं सजेशन तिथे अवघड होऊन बसतं. म्हणून सगळे कॅमेऱ्याकडे बघूनच बोलतात. हे मला त्यांच्या लक्षात आणून द्यायचंय.

मामा : हे शिकव! हे तक्त्यात नाही आणि हेच खरं.

भाची : आता मी तुम्हाला एक विचारते. तुम्हाला ‘कोर्ट’ आवडला नव्हता.

मामा : कॅमेरा खांबाला बांधून कॅमेरामन जेवायला गेल्यासारखा आहे तो.

भाची : पण तुमच्या अंतराच्या सिद्धांताचा त्याच्याइतका चांगला दाखला मराठीत नाही. चैतन्य ताम्हाणेचा २०१४ चा सिनेमा, छायालेखक मृणाल देसाई. लोकशाहीर नारायण कांबळेवर आरोप काय, तर त्याच्या गाण्यामुळे एका सफाई कामगारानं आत्महत्या केली. एवढ्या अन्यायावर दुसऱ्या कुणी केवढे क्लोजअप मारले असते! इथे कॅमेरा मागच्या बाकावर बसल्यासारखा लांब थांबतो. न्यायाधीश, वकील, आरोपी, शिपाई, सगळे जवळजवळ एकाच मापाचे. कुणाला खालून घेऊन मोठा केला नाही, वरून घेऊन बिचारा केला नाही. शेवटी न्यायालय सुट्टीसाठी बंद होतं. माणसं निघून जातात, दिवे मालवले जातात, आणि कॅमेरा त्या अंधारात थांबून राहतो.

मामा : मला वाटलं, संपला सिनेमा. उठलो होतो मी.

भाची : आणि मग न्यायाधीश रिसॉर्टवर सहलीला गेलेले. बाकावर डुलकी लागते, पोरं ओरडून त्यांना दचकवतात, ते त्यातल्या एकाला थप्पड मारतात आणि पुन्हा डोळे मिटतात. ती थप्पडही तशीच, जवळ न जाता.

मामा : थांब. तुझ्या तक्त्यात आय लेव्हलच्या पुढं काय लिहिलंय?

भाची : ...तटस्थता.

मामा : ‘कोर्ट’ तटस्थ आहे?

भाची : अजिबात नाही. इतका रागावलेला सिनेमा मी कमी पाहिलाय.

मामा : मग?

(मामा सिनेमाच्या विरोधात बोलायला बसले होते आणि त्याच सिनेमानं त्यांनी वाद जिंकला. हे त्यांच्या ध्यानात आलं की नाही, सांगता येत नाही.)

भाची : मग ‘फँड्री’चं सांगा तुम्ही. शेवटी डुक्कर पकडून काठीला बांधून नेतायत, मागे शाळेच्या भिंतीवर आंबेडकर, फुले, सावित्रीबाई. गावातली पोरं टिंगल करतायत. डुक्कर नेणाऱ्यांतला जब्या दगड उचलतो आणि भिरकावतो, थेट लेन्सवर. काळोख. कॅमेरा कुठे उभा होता? टिंगल करणाऱ्यांच्या जागी. म्हणजे तिकीट काढून बसलेले आपण त्या जागी. इथे तरी जागेला अर्थ आहे की नाही?

मामा : आहे. शंभर टक्के. पण त्या शॉटला नाव काय?

भाची : मिड लाँग, समोरून, साधारण आय लेव्हल.

मामा : बघ. नाव किती साधं. नावात दगड आहे का? दगड त्याच्या आधीच्या दीड तासात आहे. ‘फँड्री’च्याच दिग्दर्शकानं, नागराजनं, ‘सैराट’लाही तेच केलं. आर्चीला आणि परशाला मारताना दाखवलं नाही. आवाज काढून घेतला आणि रक्तात पाय पडलेलं लेकरू बाहेर चालत गेलं.

भाची : कॅमेरा त्या लेकराच्या पावलांशी होता.

मामा : आवाज बंद होता म्हणून.

भाची : पावलांशी होता म्हणून.

(हा वाद मिटला नाही, मिटवायला मी गेलो नाही. माझ्यापुरता निकाल असा : तक्त्याचा डावा रकाना एका दुपारी शिकवून होतो, तो शिकवावा. उजव्या रकान्यात अर्थाऐवजी सिनेमाचं आणि प्रसंगाचं नाव लिहावं. लो अँगलसमोर गब्बरही लिहावा आणि हरलेला केनही. अंतराबाबत मामा बरोबर आहेत. सवयीतून भाषा तयार होते याबाबत भाची बरोबर आहे, आणि मामा ते मान्य करणार नाहीत.

वाचकांना एक विनंती. ‘कोर्ट’मधला न्यायालयातला कुठलाही एक प्रसंग पुन्हा लावा, या वेळी आवाज पूर्ण बंद करून. कुठला अँगल, कुठली लेन्स, याचा विचार करू नका. प्रत्येक शॉटला एकच विचारा : कॅमेऱ्याला आणखी जवळ जाता येत होतं, मग तो का गेला नाही?)